धुराची सावली

मु. बेलवाडी, ता. औसा
११ मार्च १९८६

मल्लिकार्जुन,

आशीर्वाद. शिवरात झाली. तुझा अज्जा अन् मी जित्ते हाव, त्याच्यापुढची खुशाली विचारू नको.

आधी एक. पत्रावर जिल्हा लातूर लिहीत जा. तू अजून उस्मानाबाद लिहितोस अन् पत्र तिकडं फिरून येतं. पोस्टमन मला म्हणतो, "आज्जी, तुमचा नातू नांदेडला शिकायला हाय ना?" मी काय सांगू? चार सालं झाली जिल्हा होऊन, हिंडणाऱ्या कुत्र्याला बी ठाऊक झालं.

माझं अक्षर कोंबडीच्या पायागत हाय. दुसरीपुरती शाळा. तरी मीच लिहिते, कारण तुझ्या अज्जाला सहीच्या पलीकडं येत न्हाई, अन् मास्तराकडून लिहून घेतलं की घरातलं गावात जातं.

दोन पावसाळे कोरडे गेले. सकाळी इंजिन लावलं की बिडी ओढून व्हायच्या आत विहीर खाकरती. गावातले बाकीचे पानमळे मोडले. आपला एक उरलाय, तो बी अर्धा. वेलाला सावली देणारी शेवरी वाळत चालली. जी हिरवी होती ती मी तोडून म्हशीला घातली. वेल मेला तर परत लावता येतो, म्हैस परत लावता येत न्हाई. तुझा अज्जा दोन दिवस माझ्याशी बोलला न्हाई. घरात लई शांती होती.

आता त्याचं काम. धोंडप्पानं आपल्या बांधाला लागून वीटभट्टी घातली हाय. नवा जिल्हा, मग नव्या कचेऱ्या, साहेबांना नवे बंगले. शेतात पिकत न्हाई तर धोंडप्पानं शेतच भाजायला काढलं. सकाळच्याला भट्टीचा धूर आपल्या मळ्याच्या उगवतीच्या कोपऱ्यावर येऊन लोंबतो. तुझा अज्जा म्हणतो, त्या कोपऱ्यातली पानं करपत न्हाईत, बाकीची दुपारपर्यंत चुरमडतात.

मी म्हणले, "तुमची नजर फिरली."

त्यानं मला हाताला धरून नेलं. मळ्यात शिरताना म्हणतो, चप्पल काढ. चाळीस सालं झाली लग्नाला, तरी मला सांगतो. मातीवर हात ठेवायला लावला. खरंच, तिथली माती गार. चार पावलं इकडं आलं की तापलेला तवा.

म्हणाला, "मल्लूला विचार हे कसं. तो नांदेडला गच्चीवर उभा राहून सूर्य मोजतो."

मी म्हणले, "मोजायला काय लागतं, एकच तर हाय."

हसला न्हाई. तवा तूच काय ते कळव, न्हाईतर हा मला झोपू द्यायचा न्हाई. त्याची छाती वाजतीच. बिडी सोडली म्हणतो, वास येतो.

तुझा बाप बसवंत अन् तुझी आई गेल्यापासून ह्या घरात एक शेंबडं अन् एक हट्टी, दोघांना मीच वाढवलं. शेंबडं शिकून मोठं झालं. हट्टी हाय तसाच हाय.

गुरम्मा

◆

नांदेड
२२ मार्च १९८६

अज्जी, शरणार्थ. अज्जालाही सांग.

पाकिटावर जिल्हा लातूर लिहिलंय. पोस्टमनला मुद्दाम दाखव.

हे पत्र अज्जाला मोठ्यानं वाचून दाखव, कारण त्याच्यासाठीच आहे. अज्जाचं बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. मी तुझं पत्र आमच्या सरांना दाखवलं, तर ते दोनदा वाचून म्हणाले, हा माणूस मला भेटला पाहिजे.

कसं ते सांगतो. धूर म्हणजे नुसता वास नाही. त्यात बारीक कण असतात, पिठाहून बारीक, डोळ्याला एकेक दिसत नाहीत. हवेत ते तरंगत राहतात. वरून ऊन येतं तेव्हा काही कण ते आरशासारखं परत वर फेकतात, काही स्वतःच पिऊन टाकतात. खाली जमिनीपर्यंत ऊन कमी पोचतं. म्हणून जमीन कमी तापते. धूर म्हणजे एक प्रकारची सावलीच. आम्ही गच्चीवरून ऊन मोजायची नळी सूर्याकडे धरतो तेव्हा हेच बघतो. स्टेशनच्या बाजूला इंजिनांचा आणि भट्ट्यांचा धूर साचला की काटा खाली येतो. आभाळ निरभ्र दिसतं तरी येतो. अज्जानं जे हातानं ओळखलं ते ओळखायला आम्हाला यंत्र लागलं.

आता दुसरी बाजू पण ऐका. धुरातली काजळी ऊन पिते तेव्हा ती स्वतः तापते. म्हणजे खाली जमीन गार आणि वर हवा गरम. असं झालं की खालची हवा वर चढत नाही, आणि ती चढल्याशिवाय ढग नीट बांधत नाहीत. शिवाय ढगातलं पाणी अशा कणांवरच बसतं. कण थोडे असतील तर थेंब मोठे होऊन पडतात. कण फार झाले तर एका भाकरीचे शंभर जणांत तुकडे केल्यासारखं होतं. कुणाचंच पोट भरत नाही, थेंब वाढत नाही, ढग तसाच पुढे निघून जातो. हे अजून सगळ्यांनी मान्य केलेलं नाही, पण सर म्हणतात, पुढे हेच निघणार.

आणि हा गारवा खरा नाही. कोळसा आणि तेल जाळून हवेत एक वायू पण साचतोय, तो वर्षानुवर्षं राहतो आणि उष्णता धरून ठेवतो. धूर त्यावर ओल्या पट्टीसारखा आहे. तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवली की कपाळ गार लागतं, ताप आत तसाच. धूर चार दिवसांत खाली बसतो, मग ताप कळतो.

खाली बसलेला धूर आपल्या फुप्फुसात पण बसतो. अज्जाला सांग, भट्टी पेटली असेल तेव्हा त्या कोपऱ्यात थांबू नको. छातीचं औषध लातूरला जाऊन आणा.

सुट्टीत येतो.

तुझा,
मल्लू

◆

बेलवाडी
९ एप्रिल १९८६

मल्लू,

आशीर्वाद. उद्या पाडवा. लिंबाचा मोहोर आणलाय, गूळ शेजारच्या कावेरीबाईकडून मागितला. कडू घरचं, गोड उसनं.

तुझं पत्र पोचलं. मी ओसरीवर बसून वाचलं, तो खांबाला टेकून ऐकत होता. "अज्जाचं बरोबर आहे" इथं आले तर म्हणाला, परत वाच. परत वाचलं. म्हणाला, "अजून एकदा. हळू." मी म्हणले, "मंत्र हाय का हा?" तरी वाचलं. "धूर म्हणजे सावली" हे ऐकलं अन् तो उठला, टोपी घातली.

"अजून दुसरं पान हाय," मी म्हणले.

"तू वाच. मला कळालं."

"काय कळालं?"

"जे कळायचं ते."

गेला पाराकडं. तिथं बसल्या बसल्या आख्ख्या गावाला सांगितलं, आमच्या मल्लूनं नांदेडहून कळवलं, त्याच्या साहेबाला मला भेटायचं हाय. धोंडप्पा बी होता म्हणे. भाकरीच्या तुकड्याचं अन् ओल्या पट्टीचं मी एकटीनंच वाचलं. वायूचं कळालं न्हाई, बाकीचं कळालं. छातीचं मी त्याला सांगितलं. म्हणाला, पानमळ्यावाल्याला औषध पानात असतं.

आता तो दिसभर मळ्यात. ओला भुसा, शेण, लिंबाचा कोवळा पाला, मिळंल ते गोळा करून राहिला. कुडाला गोणपाट बांधून राहिला. विचारलं तर म्हणतो, मल्लू सुट्टीत आला की दाखवीन, तू त्याला लिहू नको. म्हणून मी लिहिलं न्हाई असं समज.

लई खुशीत हाय. काल मला म्हणाला, "गुरम्मा, बसवंत असता तर त्यानं बी असंच कळवलं असतं." बसवंताचं नाव त्यानं किती सालांनी घेतलं. मी भाकरी थापत राहिले.

गुरम्मा

◆

नांदेड
१९ एप्रिल १९८६

अज्जी,

परीक्षा जवळ आली आहे, म्हणून दोनच ओळी.

भुसा, शेण, पाला म्हणजे कंपोस्टचा खड्डा. मागच्या दिवाळीत मीच त्याला सांगितलं होतं, तेव्हा मला वेड्यात काढलं. आता मला गुपचूप दाखवायचंय. करू दे. कामात असला की छातीकडे लक्ष जात नाही. तू उगाच टोकू नकोस.

मी मे अखेर येतो. बहुतेक सरही येतील, त्या कोपऱ्याची माती बघायला. अज्जाला म्हणावं, दाढी करून ठेव.

मल्लू

◆

नांदेड
१२ मे १९८६

अज्जी,

परत येऊन चार दिवस झाले. लिहायला आजच बसलो.

तार आली तेव्हा मी गच्चीवर होतो. लोह्याला बस बंद पडली, तिथून सिमेंटच्या ट्रकवर बसून आलो. तुम्ही थांबला होता म्हणून मला अज्जाचं तोंड दिसलं. त्याला मातीत बसवताना जंगम अय्यांनी मला विभूती लावायला सांगितली. मी तीन बोटं नुसती टेकवून मागे घेतली, तर तू मागून म्हणालीस, "नीट लाव, त्याला अर्धवट आवडत न्हाई." ते शब्द अजून डोक्यात आहेत.

सगळे म्हणाले, छाती. मी पण तसंच धरून चाललोय. पण निघायच्या आदल्या दिवशी मी एकटाच मळ्यात गेलो होतो. वेल सगळे गेले आहेत. कुडाला आतून गोणपाट बांधलेलं. चारी कोपऱ्यांना आणि मधल्या वाटेवर चुलीएवढे काळे डाग. खताचा खड्डा कुठे दिसला नाही. ते डाग कसले? आणि अज्जाचं घोंगडं तू मला दिलंस, ते इथे दोरीवर टाकलंय, पण त्याचा धुराचा वास जात नाही.

दुसरं सांगायचं ते असं. सर म्हणतात, आपण जे मोजलं ते लिहून पुण्याला हवामान खात्याकडे पाठवू. मला त्याची सुरुवात अज्जाच्या कोपऱ्यापासून करायची आहे. एका पानमळेवाल्यानं मातीला हात लावून काय ओळखलं, तिथून. नाव पण घालीन, विरूपाक्षप्पा, बेलवाडी. तुझी हरकत नाही ना?

जेवतेस का? रात्री कावेरीबाईला सोबतीला बोलाव.

मल्लू

◆

बेलवाडी
२२ मे १९८६

मल्लिकार्जुन,

आशीर्वाद. जेवते. एकटीची भाकरी करायला जड जातं, तर सकाळचीच रात्री खाते. कावेरीबाईला बोलावलं न्हाई. ती झोपेत बोलती, अन् जागेपणी बी.

ते डाग थंडीतले. पौषात गारठा पडला की वेलाजवळ धूर करतात, पान काळं पडू नये म्हणून. तुला ठाऊक न्हाई का? लहान होतास तवा तूच फुंकर घालायला बसायचास अन् भुवया जाळून घेतल्यास. गोणपाट बी थंडीचंच. तुझा अज्जा काढायचा आळस करत होता.

छाती त्याची जुनी. वय झालं होतं. माणूस जातंच, कुणी ठेवून घेत न्हाई. घोंगडं धुऊन टाक.

नाव घालायचं तर घाल. त्याला आवडलं असतं. पण परीक्षा आधी.

अन् मळ्याचं परत विचारू नको. मळा सरला, त्याच्या गोष्टी करून काय हातात येतंय?

गुरम्मा

◆

नांदेड
२ जून १९८६

अज्जी,

तू मला खोटं लिहिलंस. याआधी कधी लिहिलं नव्हतंस, म्हणून तुला नीट जमलं नाही.

त्या डागांमधला पाला पुरता जळला नव्हता. मी उचलून बघितला होता, तेव्हा लक्षात आलं नाही. लिंबाचा कोवळा पाला होता, तांबूस. लिंबाला कोवळी पालवी पाडव्याच्या सुमारास येते, पौषात नाही. तूच ९ एप्रिलला लिहिलं होतंस, लिंबाचा कोवळा पाला, ओला भुसा, गोणपाट. मी खताचा खड्डा म्हणालो. तुला टोकू नकोस म्हणालो.

माझ्या मार्चच्या पत्राचा कच्चा कागद माझ्याकडे होता. काढून वाचला. "धूर म्हणजे एक प्रकारची सावलीच." हे मी पहिल्या पानावर लिहिलंय. फुप्फुसाचं सगळ्यात शेवटी, औषधासोबत, जाता जाता.

एका मळ्यात चार शेकोट्या करून सावली होत नाही, अज्जी. भट्टीसारखा दाट धूर लागतो, तो उंच लागतो. जवळ केलेला विस्तव माती तापवतो. हे मी लिहिलंच नाही. मला वाटलं, हे कुणाला सांगावं लागतं का?

तू फक्त हो किंवा नाही लिही. अज्जानं माझ्या पत्रावरून धूर केला का?

परीक्षेचा एक पेपर दिला, मग बसलो नाही. नळी सरांना परत दिली. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं नाही. गच्चीवर जात नाही. हदगावला एका शाळेत जागा आहे, पोरांना गणित शिकवायचं. तिकडे जाईन. गणितात कुणाचं काही बिघडत नाही.

मल्लू

◆

बेलवाडी
२९ जून १९८६

मल्लू,

हो.

तू विचारलंस तेवढ्याचं उत्तर झालं. पण एवढ्यावर पत्र बंद केलं तर तू उरलेलं तुझ्या मनानं जोडशील, अन् तुझं मन सध्या बरं न्हाई. म्हणून सगळं लिहिते. हात दुखला की थांबते, परत लिहिते.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून धरलं. ऊन चढायच्या आत चारी कोपऱ्यांना पेटवायचा अन् वरून ओला पाला टाकायचा. धूर बाहेर जाऊ नये म्हणून गोणपाट. थोड्या वेळात आतलं काही दिसायचं न्हाई. मी बांधावरून हाक मारायची, आतून खोकला यायचा. तोच जबाब.

मी म्हणले, "पौषात करतात ते थंडीला. चैतात धूर करणारे तुम्ही पहिलेच."

तो म्हणाला, "पौषात मी अडाणी म्हणून करत होतो. आता नातवानं कळवलंय म्हणून करतो."

मी पाण्याचा तांब्या बांधावर ठेवला अन् घरी आले.

दुसरं पान मी त्याला जेवताना वाचून दाखवलं. फुप्फुसाचं दोनदा. त्यानं ऐकलं. घास थांबवून ऐकलं. मग म्हणाला, "ते मोठ्या आभाळाचं हाय. आपला मळा केवढा." एकदा मनात बसलं की मागून आलेलं आत शिरत न्हाई, उंबऱ्यावरच उभं राहतं.

पहिले दोन दिवस पानं सावरल्यागत दिसली. का दिसली ते देवाला ठाऊक. बहुतेक आम्हाला तशी बघायची होती. मग पानावर काजळी धरली. तोंडात घातलं की चुलीत तोंड घातल्यागत लागायचं. बाजारात कुणी घेतलं न्हाई. तरी तो माती चाचपायचा अन् म्हणायचा, गार हाय. मी हात लावला. गरम होती. मी म्हणले, "गरम हाय हो." तर म्हणतो, "तुझा हात चुलीवरचा, त्याला काय कळतंय."

रात्री छाती अशी वाजायची की म्हैस उठून उभी राहायची. मी म्हणले, लातूरला चला. म्हणाला, मल्लू येऊ दे, त्याच्यासंगं जाऊ, त्याला मळा दाखवून.

त्या दिवशी बांधावरून हाक मारली, खोकला आला न्हाई. परत मारली. मी तशीच आत गेले, पायातलं न काढता. शेवरीच्या बुंध्याला टेकून बसला होता, हातात ओला पाला. डोळे उघडे होते. धूर डोळ्यात जात होता अन् पापणी हलत न्हाई हे बघितलं, तवा मला कळालं.

मी आधी विस्तव विझवले. मग माणसं बोलावली. लोकांनी बघू नये म्हणून विझवले. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, नातवाच्या शिकण्यापायी म्हातारं गेलं. म्हणून छाती सांगितलं. छाती तर खरीच होती.

तुला खोटं लिहिलं ते ह्याच्यापायी, की एक गेलं ते गेलं, त्याच्यामागं दुसरं कशाला घालवा. पण तू गेलासच. मग खोटं राखून तरी काय करायचं?

तो रागात गेला न्हाई. उतरणीच्या वेळी वेल खाली ओढून, वेटोळं करून मातीत दाबतात, अन् मग तो परत फुटतो, हे तू बी केलंयस. अय्यानं त्याला मांडी घालून खाली बसवलं तवा मला तेच दिसलं. फुटतबिटत काही न्हाई, मला ठाऊक हाय. दिसलं एवढंच सांगते.

आता तुझं. तू लिहिलेलं खरं होतं का खोटं? खरं होतं. तुझ्यापायी तो गेला का? तुझ्या पत्रापायी गेला. हे मी दुसरं तिसरं करून सांगणार न्हाई, तू लहान न्हाईस. हे तुला जन्मभर वागवायचं हाय. बसवंत गेला, त्या दिवशी त्याला बाजारला मीच धाडलं होतं. माणूस वागवतं.

पण हदगावला जाऊन बसायच्या आधी इथलं ऐक.

तुझा अज्जा पारावर जे बोलला ते धोंडप्पानं ऐकलं होतं. आता तो गावभर सांगून राहिला, नांदेडच्या शिकलेल्या पोरानं कागदावर लिहून दिलंय, भट्टीच्या धुरानं जमीन गार राहती, पिकाला चांगलं. त्यावर दुसरी भट्टी घालून राहिला, ह्या अंगाला, शाळेच्या मागं. लोक माना डोलवतात. कडेच्या दोन घरांत पोरं खोकतात, तर आया म्हणतात, हवा बदलली. मिरग कोरडा गेला. काळे ढग येतात, वर थांबतात, अन् जड पायानं निघून जातात. लोक महादेवाला पाण्यात बसवायचं म्हणतात. पाणी कुठं हाय बसवायला?

मी काल तुझं दुसरं पान काढून वाचलं. भाकरीचं. गावाला पहिलं पान पाठ हाय. दुसरं वाचलेली ह्या गावात मी एकटी.

मी पारावर जाऊन सांगितलं असतं. पण मला वायूचं कळत न्हाई, अन् धोंडप्पानं एक उलटा सवाल केला की मी गप्प होईन. बाई पारावर चढली म्हणून नावं ठेवतील ती निराळी. ती ठेवू दे. मला नव्या कागदावर लिहून पाठव. विरूपाक्षप्पा धुरानं गेला हे बी त्यात लिही, नाव घालून. तूच म्हणाला होतास ना, नाव घालतो. मी उभी राहून वाचीन.

नळी परत माग. साहेब देईल. न मागता बसलास तर धोंडप्पाला तुझं अर्धंच पत्र पुरतं.

अन् लिहिताना वाईट आधी लिही. बरं काय असंल ते मागून. माणूस अर्ध्यातून उठून जातं.

घरी मला बी तसंच लिहीत जा, सगळं, कितीबी लांब. मी ऐकीन. मला कुठं उठून जायचंय.

तुझी अज्जी,
गुरम्मा